अम्मीची शेगडी

निफाडात थंडीच्या दिवसांत पारा कधी कधी ५ अंशांखाली उतरतो. अशाच एका पहाटे, फजरनंतर, आम्ही अम्मीला जुन्या जीपमधून नाशिकला दवाखान्यात नेत होतो. हीटर गार हवाच फेकायचा, म्हणून अम्मीच्या पायाशी पेटती शेगडी ठेवली. वाटेत सगळ्यांची डोकी जड झाली, अम्मीला मळमळू लागले. घाईने दारे उघडली, अल्लाहने वाचवले. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, हे वर्गात शिकवणारे आम्हीच विसरलो होतो!

मिस्त्रीने थर्मोस्टॅट बदलला. तो उघडाच अडकल्याने इंजिनाचे पाणी तापत नव्हते आणि हीटरला ऊब त्याच पाण्याची मिळते. दारांची फाटकी रबरेही बदलली. आता अम्मी गाडीत शाल काढून बसते. शेगडी मात्र अंगणातच!