भूतानमध्ये सुखाची मोजदाद

पश्चिम बंगालमधल्या जयगावची गर्दी मागे पडते, एक रंगीत कमान लागते आणि तिच्यापलीकडे भूतानचे फुंत्शोलिंग. पुढे पाच-सहा तास नुसता घाट. पारोच्या खोऱ्यात उतरलो तेव्हा भात पिवळे पडले होते आणि घरांच्या छपरांवर लालभडक मिरची वाळत होती. मिरची तिथे मसाला नव्हे, भाजी! चीजमध्ये शिजवून तांबड्या भाताबरोबर खातात. आपल्या खानदेशी पाहुण्यालाही तांब्या जवळ ठेवावा लागेल.

पण या देशाचे नाव झाले ते वेगळ्याच गोष्टीने. देशाची प्रगती नुसत्या उत्पन्नावर मोजू नये, लोकांच्या सुखावर मोजावी, हा विचार राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९७० च्या दशकात मांडला. २००८ च्या राज्यघटनेतही तो आला. २०१०, २०१५ आणि २०२२ साली पाहणी करणारे हजारो लोकांकडे गेले आणि प्रत्येकाशी बराच वेळ बोलले. नऊ क्षेत्रे, तेहतीस बाबी. त्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश बाबतींत ज्याचे नीट भागते, तो सुखी धरतात.

मंडळी, विस्तार अधिकारी म्हणून मी आयुष्यभर पत्रके भरली. एकर, क्विंटल, खताची पोती. घरधनिणीच्या कष्टाचा रकाना त्यांत कधी दिसला नाही. भूतानच्या पत्रकात स्वयंपाक आणि लेकरे सांभाळणे हेही कामच धरतात, आणि आठ तासांवर गेले की ते जास्त मानतात. झोप किती मिळते, हे विचारतात. रानातल्या जनावरांनी पीक किती खाल्ले, हेही विचारतात. रानडुकरांसाठी रात्र माळ्यावर काढणाऱ्याला यातले मर्म सांगायला नको.

मग निकाल काय? २०१५ मध्ये ४३.४ टक्के लोक सुखी ठरले, २०२२ मध्ये ४८.१ टक्के. मात्र २०१५ च्या पाहणीत शेतकरी इतर धंद्यांतल्या लोकांच्या मागे, आणि बाया पुरुषांच्या मागे आढळल्या. ते झाकले नाही, छापले. हे मला आवडले.

एक गोष्ट मात्र खटकते. १९९० च्या सुमारास दक्षिण भूतानमधल्या सुमारे एक लाख नेपाळी भाषकांना देश सोडावा लागला. नेपाळच्या छावण्यांत त्यांची वर्षानुवर्षे गेली. २००७ नंतर बहुतेकांना अमेरिका आणि इतर देशांनी घेतले. सुखाच्या मोजणीत ही माणसे नाहीत.

आणि आता तरुण पोरे आपणहून ऑस्ट्रेलियाची वाट धरू लागली आहेत. पूर्वेकडच्या खेड्यांत ओस पडलेल्या घराला 'गुंगटोंग' म्हणतात. कुणी थिंफूला गेले, कुणी जनावरांच्या उपद्रवाला कंटाळून शेती सोडली. दाराला कुलूप, आणि बांधापलीकडे पडीक रान.