घोडा का अडला?

भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? मराठी घरांतून मुलांना पिढ्यानपिढ्या घातलेल्या या कोड्याचे उत्तर एकच आहे: न फिरवल्यामुळे. कोडे सुटल्याचा आनंद ओसरला तरी त्यातली एक गोष्ट मनात रेंगाळत राहते. भाकरी मुळातच वाईट होती म्हणून करपली, असे त्यात कोणी म्हणत नाही. पान नासके होते म्हणून सडले, असेही नाही. तसाच घोडाही हट्टी होता म्हणून अडला नाही. ज्याच्या हाती तो होता, त्याचे काहीतरी करायचे राहून गेले होते. एवढ्याशा प्रश्नात कारण घोड्याच्या स्वभावात न शोधता माणसाच्या हातात शोधले आहे. रोजच्या बोलण्यात मात्र हे शहाणपण आपण हरवून बसतो. थांबलेले तट्टू लगेच ‘अडेल’ ठरते, दुगाण्या झाडणारी घोडी ‘खोडकर’ ठरते आणि एकदा विशेषण चिकटले की चौकशी तिथेच संपते.

वर्षानुवर्षे शांतपणे काम करणारा घोडा एके दिवशी तंग आवळताना दात दाखवतो, ओळखीच्या वळणावर बुजतो, चढावर पाऊल टाकायला नकार देतो. मालक म्हणतो, कालपर्यंत चांगला होता, आज अचानक बिघडला. मला वाटते, या वाक्यातला ‘अचानक’ हा शब्द घोड्यापेक्षा आपल्या लक्षाबद्दल जास्त सांगतो. घोडा हा शिकार होणाऱ्या प्राण्यांच्या कुळातला. माळावर लंगडणाऱ्यावर लांडग्याची नजर आधी जाते, म्हणून दुखणे लपवणे त्याच्या रक्तात आहे. कुत्र्यासारखे तो केकाटत नाही. तो कान जरा मागे नेतो, जबडा घट्ट धरतो, शेपूट उगाच झटकतो, एका पायावरचा भार दुसऱ्यावर देतो. ही त्याची बारीक अक्षरे. ती आठवडेच्या आठवडे वाचली गेली नाहीत, की शेवटी तो मोठ्या अक्षरांत लिहितो, आणि ती मोठी अक्षरे म्हणजे लाथ, चावा, उधळणे.

खोगीर घालण्याचा क्षण जवळून पाहावा. तंग पोटाखालून घेतला जातो, पट्टा बकलात जातो आणि आवळला जातो, तेवढ्यात घोड्याची मान वळते. त्या वळलेल्या मानेवर फटका मारण्याआधी तळहात कोपराच्या मागे, तंग बसतो तिथे फिरवला, तर कधी केसांखाली पैशाएवढे सोललेले कातडे लागते, कधी घामाची वाळलेली खरखर. तोच हात खांद्याच्या उंचवट्यामागून पाठीच्या दोन्ही बाजूंनी दाबत नेला, की एखाद्या जागी कातडी थरथरते आणि पाठ खाली दबते. हंगामात राबून घोडा वाळला, पाठीचे मांस उतरले, पण खोगीर तेच राहिले. बाहेर काहीच सापडले नाही तर पोटाचा विचार करावा. मोकळा घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो, त्यामुळे त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते, पोट रिकामे असले तरीही. दोन वेळचा खुराक आणि मधले उपाशी तास वाट्याला आले, की त्या आम्लाने जठराला जखमा होतात. मग तंग आवळला जाणे म्हणजे त्या जखमेवर हात ठेवणेच. दातांचेही तसेच आहे. घोड्याची दाढ वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर येत राहते आणि एरवी चघळण्यात तेवढीच झिजते. झीज वाकडी झाली, तर वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्यांची आतली कड पात्यासारखी होते, गाल आणि जीभ कापली जाते. लगाम ओढताच तो मान उडवतो ती यामुळे. बाजारात प्रत्येक गिऱ्हाईक वय पाहायला घोड्याचे तोंड उघडते. दुखते कुठे हे पाहायला मात्र ते क्वचितच उघडले जाते.

हा केवळ कनवाळूपणाचा युक्तिवाद नाही. ब्रिटनमधल्या पशुवैद्यक स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये, पाठीवर स्वार असताना घोडा करतो अशा २४ कृतींची यादी मांडली. कान मागे टाकून तसेच ठेवणे, तोंड वारंवार उघडणे, शेपूट झटकणे, ठेचकाळणे, पुढे जायला नकार देणे, अशा या कृती मोजता येतात. यातल्या आठ किंवा जास्त दिसल्या, तर हाडे, सांधे, स्नायू यांत कुठेतरी दुखत असण्याची शक्यता मोठी. याहून बोलका पुरावा पुढचा आहे. लंगड्या घोड्यांचा दुखरा भाग इंजेक्शनने बधिर केला, तेव्हा त्याच घोड्यांच्या या कृती कमी झाल्या. स्वभाव बधिर करता येत नाही. इंजेक्शनने जी ‘खोड’ जाते, ती खोड नसून वेदनाच असते.

कारण कधी शरीरात असते, कधी भोवतालात. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने जवळजवळ सगळा परिसर त्याला एकाच वेळी दिसतो, पण उजेडातून अंधारात गेल्यावर त्याची नजर सरावायला माणसाहून जास्त वेळ लागतो. माथेरानच्या लाल वाटेवर ऊन-सावलीच्या पट्ट्यांतून जाणारा घोडा आपल्याला निरर्थक वाटणाऱ्या जागी थबकतो, ते कदाचित त्याला पुढे जमीन आहे की खड्डा हे कळत नसते म्हणून. डोळ्याला वारंवार सूज येणारा एक विकारही त्याची नजर हळूहळू खातो. युरोपात पूर्वी त्याचा संबंध चंद्राच्या कलांशी जोडत. शिवाय पाठीवर कोण बसले आहे, याचीही घोड्याला बारीक जाण असते. बर्लिनचा ‘हुशार हान्स’ टाप आपटून गणिते सोडवत असे. ऑस्कर फुंग्स्टने १९०७ मध्ये दाखवून दिले, की प्रश्न विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलले, की घोडा टाप थांबवत असे. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसले तर हान्सही चुके. गणित न येणाऱ्या त्या घोड्याला माणूस मात्र पुरता वाचता येत होता. मग घाबरलेल्या स्वाराची आवळलेली मांडी किंवा वैतागलेल्या मालकाचा लगामावरचा हात त्याला कळत नसेल, असे कसे मानावे?

यावर अनुभवी माणसांचा आक्षेप असतो, की घोडा शिकतोही. एकदा अडल्यावर काम चुकले, तर दुसऱ्यांदा मुद्दाम अडतो. लाड केले तर डोक्यावर बसतो. यात तथ्य आहे. घोडा शिकतोच, नाहीतर चाबूकस्वाराला काही शिकवताच आले नसते. पण सवय सहसा पायरीपायरीने चढते, आणि तिच्या पहिल्या पायरीवर पुष्कळदा दुखणेच असते; दुखणे बरे झाल्यावरही सवय मागे उरते. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी शरीर, मग भोवताल, मग आपला हात आणि शेवटी शिस्त. उलट क्रमाने गेलो, तर दुखऱ्या घोड्याला मार बसतो आणि आधीच्या वेदनेत भीतीची भर पडते. समजून घेणे म्हणजे मोकळे सोडणे नव्हे. घोडा बिथरला की आधी खाली उतरावे, माणसे दूर करावीत. कारण नंतर शोधता येते.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. ज्याचे घर घोड्यावर चालते, त्याने प्रत्येक अडण्याला डॉक्टर कुठून आणावा? हे दुखणे खरे आहे. पण पहिली तपासणी फुकट आहे: पाठीवर हात, खुरात अडकलेला खडा, नालेचा सैल खिळा, तोंडातून पडणारे अर्धवट चघळलेल्या चाऱ्याचे गोळे. कामाआधी दिलेली चार मुठी वैरण महाग नसते. न पाहिलेली जखम मात्र हंगामच खाऊन टाकते.

काही बदल अर्थातच खरोखर अचानक असतात, आणि तिथे हा वेगच खूण असतो. घोड्याला ओकता येत नाही. पोटशूळ उठला की तो जमीन खरवडतो, कुशीकडे वळून पाहतो, लोळतो. तेव्हा तासाचाही उशीर जिवावर बेतू शकतो. एरवी गरीब असलेला घोडा एकाएकी पिसाळल्यागत चावू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर कुत्र्याच्या चाव्यातून आलेल्या रेबीजची शक्यता धरावी. त्याच्या तोंडात हात घालू नये, माणसे लांब ठेवावीत आणि पशुवैद्यालाच बोलवावे. तिथे उशीर नको आणि धाडसही नको.

तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरे असलेल्या, घोड्याला मान असतो, अंगावरचे भोवरे पारखले जातात, देवमण नावाचा शुभ भोवरा शोधला जातो, अशुभ भोवरा दिसला तर सौदा मोडतो. केसांच्या वळणात प्राण्याचे नशीब वाचणारी ती नजर तीक्ष्ण आहे, यात शंका नाही. भोवरा दोन बोटे डावीकडे आहे की उजवीकडे, हे जिला दिसते, तिला मागे गेलेला कान दिसणार नाही असे नाही. तीच नजर रोज सकाळी, खरारा झाल्यावर, मानेपासून खुरापर्यंत गेली पाहिजे आणि तिच्या मागोमाग उघडा तळहात. कालची गाठ आज वाढली का, कालची ऊब आज जास्त आहे का, हे हातालाच कळते. मग जुन्या कोड्याचे उत्तर बदलावे लागत नाही. घोडा का अडला? न फिरवल्यामुळे. अंगावरून हात न फिरवल्यामुळे.