जळू

गेल्या पावसाळ्यात थोरल्या भावाला घेऊन आयुर्वेदिक दवाखान्यात गेलो होतो. दादाचे उभे आयुष्य यंत्रमागावर गेले. बारा-बारा तास उभे राहून त्याच्या पायाच्या शिरा सुतळीसारख्या फुगल्या आहेत, आणि डाव्या घोट्यावरची जखम वर्ष झाले तरी भरत नव्हती. तिथल्या डॉक्टरबाईंनी पाय नीट पाहिला, साखर तपासली, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का ते विचारले आणि म्हणाल्या, "मलमपट्टी चालू ठेवू, आणि जळवा लावून पाहू."

मी चमकून दादाकडे पाहिले. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता.

या शब्दाचे आणि आमच्या घराचे जुने नाते आहे.

सोलापूरच्या कोरड्या मुलखात खरी जळू पाहिलेली माणसे थोडीच. शब्द मात्र घरोघर. आमचे वडील गिरणीत होते. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात व्याजवाला उभा असायचा. शेकडा दहा, तेही दरमहा. मी पुढे बी.कॉम. झालो तेव्हा सवयीने हिशेब मांडून पाहिला. हजार रुपयांवर वर्षाला बाराशे व्याज, आणि मुद्दल हजारचे हजार! एकदा शेजारची मावशी त्याला "जळू हाय मेला" म्हणाली, तर आई म्हणाली, "जळू परवडली बाई. प्वाट भरलं की आपसूक गळून पडती. ह्याचं प्वाटच भरत न्हाय." सावकारीला आवर घालायला 1946 चा मुंबई सावकारी कायदा होताच, त्याच्या जागी 2014 साली महाराष्ट्राचा नवा कायदा आला. परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. पण आजही किती समाजबांधव हप्तेवाल्याची मोटारसायकल गल्लीत शिरली की कडी लावून घेतात, ते ज्याचे त्याला ठाऊक.

नोकरीला लागल्यावर हा शब्द मला दुसऱ्या तोंडून ऐकू आला. चहाच्या वेळी एक सहकारी शिष्यवृत्ती आणि राखीव जागांबद्दल बोलत होता. मी बाजूलाच बसलोय हे त्याला माहीत होते. "जळवा आहेत सगळ्या," तो म्हणाला. त्या वेळी माझी वाचाच बसली. उत्तर दिले ते 14 एप्रिलला, आमच्या वस्तीतल्या सभेत. कोकणात कुळाने राबायचे आणि खोताने खायचे, ती खोती मोडायला बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, तेव्हा जळू कोण होते? मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ते चव्हाट्यावर आणले. आमचे तोंड धोट्याला लागलेले चालत नव्हते, आमचा घाम मात्र चालत होता! टाळ्या भरपूर पडल्या. दादा पुढच्याच रांगेत बसला होता.

त्याच वर्षी दादाचा कारखाना बंद पडला. मालकाने माग भंगारात विकले. दादा, वहिनी आणि दोन पोरे आमच्या दोन खोल्यांत आली. वर्ष झाले, दादाला धड काम मिळेना. मग एका रात्री किराण्याच्या उधारीवरून शब्दाला शब्द लागला आणि मी बोलून गेलो, "किती दिवस जळूसारखा चिकटून बसणार आहेस?"

वाचकहो, माझ्या बी.कॉम.ची तीनही वर्षांची फी याच दादाने आठवड्याच्या पगारातून भरली होती. महाविद्यालयात जमाखर्च शिकलो, घरच्या वहीत ती रक्कम कधी मांडली नाही.

दादा काही बोलला नाही. सकाळी उठून गेला आणि आठ दिवस विहारात झोपला. वहिनी माझ्याशी बोलेनाशी झाली, माझी बायको तर त्याहून. रविवारी वंदनेला मी मागच्या रांगेत उभा राहिलो. सम्यक वाचा म्हणजे खोटे न बोलणे एवढेच नव्हे, कठोर बोलून दुसऱ्याला न दुखावणे हेही त्यातच येते, हे मीच पोरांना शिकवीत होतो. शेवटी "चल घरी" एवढेच म्हणून त्याला घेऊन आलो. पुढे त्याला काम मिळाले, त्याने वेगळी खोली केली. त्या रात्रीचा विषय पुन्हा निघाला नाही.

दवाखान्यातून येऊन मी जळूविषयी मिळेल ते वाचून काढले. सुश्रुताने तिला जलौका म्हटले आहे आणि तिच्या बारा जाती सांगितल्या, सहा विषारी आणि सहा बिनविषारी. रक्त काढण्याचा हा सर्वांत सौम्य उपाय. राजे, धनिक, मुले, म्हातारे, भित्रे, दुबळे, स्त्रिया आणि नाजूक माणसे यांच्यासाठी तो सांगितला आहे. माग चालवणारा त्या यादीत नाही. त्याला दुबळ्यांत बसवावे लागेल. इंग्रजीत जळूला लीच म्हणतात, आणि गंमत अशी की जुन्या इंग्रजीत त्याच शब्दाने वैद्यही ओळखला जाई. मूळचे दोन वेगळे शब्द पुढे एकात एक मिसळले, असे पंडित मानतात. माझा मुलगा म्हणाला, "कॉम्प्युटरवर सगळ्यांचं उतरवून घेतो आणि स्वतःचं कुणाला देत नाही, त्यालापण लीच म्हणतात." युरोपात एके काळी जळवांचे वेडच होते. एकट्या फ्रान्सने 1833 साली चार कोटींहून अधिक जळवा बाहेरून आणल्या. त्या धरायला गरीब बायामाणसे उघड्या पायांनी डबक्यांत उभी राहत. म्हणजे श्रीमंताला लागण्याआधी जळवेने गरिबाची चव घेतलेली असायची.

ठरल्या दिवशी बाईंनी हळदीच्या पाण्यातून काढून जळू जखमेच्या कडेला सोडली. ती दोन्ही टोकांनी धरते. थोडी चाचपली, मग मान वाकवून बसली. वर ओला कापूस. पाऊण तासात ती बोटाएवढी फुगली आणि आपणहून गळून पडली. आईचे बोलणे अगदी खरे निघाले. बाईंनी तिच्या तोंडाला हळद लावली तशी तिने काळसर रक्त ओकून टाकले. मग तिला पाण्याच्या बरणीत सोडून वर दादाच्या नावाची चिठ्ठी लावली. एकाची जळू दुसऱ्याला लावत नाहीत.

"आता हिला सोडून देनार का वो बाई?" दादाने विचारले.

"नाही. सात दिवसांनी ही तुम्हालाच लावायची."

"म्हंजी हिचं बी घर झालं म्हना की," दादा म्हणाला आणि हसला.

बाई पुढच्या पेशंटकडे गेल्या. जळवेच्या लाळेत हिरुडिन नावाचे द्रव्य असते, त्याने रक्त लवकर गोठत नाही, म्हणून ती सुटल्यावरही जखम बराच वेळ वाहते. त्यांनी मला पट्टी दाबून धरायला सांगितले होते. मी स्टुलावर बसून दादाचा पाय मांडीवर घेतला होता.

"दादा," मी म्हणालो, "त्या रात्री मी जे बोललो…"

"नीट धर," दादा म्हणाला. "पट्टी सरकतीया."