उलटे आटे

नाचणगाव आणि पुलगाव ही दोन गावं एकमेकांना लागून आहेत. त्यांना जोडणाऱ्या रस्त्यावर एका सायकल मिस्त्रीकाकांचं छोटं दुकान आहे. माझ्यावर दोन ऋणं आहेत. एक या काकांचं आणि दुसरं समुद्रापलीकडून टपालाने आलेल्या काही लहान पाकिटांचं. दोन्ही इतकी एकमेकांत गुंतली आहेत की एकाविषयी सांगायला लागलं की दुसरं आपोआप येतं.

२०१४ साली मी एक जुनी गिअरची सायकल घेतली. तिच्या मागच्या चक्राचे दाते झिजले होते आणि चेन घसरायची. साध्या सायकलचं सगळं सामान आमच्या भागात मिळायचं. लुधियानाची चेन, कॉटर पिन, एक्सल, छर्रे, सगळं. गिअरचं सामान मात्र मिळालं तर मिळालं. मग मला अलीएक्सप्रेस हा चिनी ऑनलाइन बाजार सापडला. तिथे आठ चकत्यांची कॅसेट ९०० रुपयांत होती, आणि टपालखर्च शून्य. मी हरखून काकांना मोबाइलवर चित्र दाखवलं.

त्यांनी एवढंच विचारलं, "हब उघडून पाह्यला काय तू?"

मी म्हणालो, "काका, तुमच्याकडे मिळत नाही म्हणूनच मागवतोय ना." त्या बोलण्यात उद्धटपणा होता. मला तो तेव्हा जाणवला नाही, त्यांना जाणवला असणार. ते गप्प राहिले.

मी कॅसेट मागवली. पाकिटाला १३ खुणांचा क्रमांक होता: आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी चीनची दोन अक्षरं. रोज रात्री मी तो क्रमांक तपासायचो. इतक्या लांबून वस्तू एवढी स्वस्त कशी येते, याचं उत्तर मला फार नंतर वाचायला मिळालं. १८७४ साली स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाचे देश एकमेकांची पत्रं आणि दोन किलोपर्यंतची लहान पाकिटं ठरलेल्या दराने पोचवतात. भारत १८७६ पासून त्यात आहे. म्हणजे माझ्या ९०० रुपयांच्या मागे किती टपाल कर्मचाऱ्यांचे हात होते! मुंबईच्या विदेश टपाल कार्यालयाचा शिक्का असलेलं ते पाकीट ४७ दिवसांनी पोस्टमनदादांनी दारात आणून दिलं.

कॅसेट बसली नाही. ती हबच्या खाचा असलेल्या नळीवर सरकवायची असते. माझ्या हबला तशी नळीच नव्हती. तिथे आट्यांवर फिरवून बसवायचं जुन्या पद्धतीचं फ्रीव्हील होतं. मी मान खाली घालून दुकानात गेलो. काकांनी कॅसेट हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "सामान चांगलं हाय बाबू. तुनं मापच नाही घेतलं." बस, एवढंच. आणि मला शेजारी बसवून त्यांनी हबचे आटे दाखवले. त्या आट्यांचा व्यास १.३७५ इंच आणि इंचाला २४ आटे, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. काकांनी ते बोटाने ओळखलं होतं.

त्या दिवसापासून सुटीच्या दिवशी मी दुकानात बसू लागलो. थोडं येऊ लागलं आणि त्यासोबत घमेंडही आली. ओळखीच्या एका मुलाच्या सायकलचं बीबी, म्हणजे पायडलांचा एक्सल ज्यात फिरतो ते बॉटम ब्रॅकेट, खिळखिळं झालं होतं. या वेळी मी माप घेतलं: फ्रेममधली बीबीची नळी ६८ मिलिमीटर, आटे इंचाला २४. चीनहून नवं बंद बीबी मागवलं आणि काकांना न सांगता घरीच काम काढलं. जुन्या बीबीचा उजव्या बाजूचा कप, म्हणजे छर्रे धरणारी आट्यांची वाटी, निघेना. मी जोर लावला, मग हातोडी मारली. कपाच्या कडा तुटल्या. मुलाला मी सांगितलं, "तुझी फ्रेमच खराब आहे." ते खोटं होतं, हे मला बोलतानाच कळत होतं.

दोन दिवसांनी मी ती फ्रेम काकांकडे नेली. त्यांनी तुटक्या कपावर मोठा पाना घट्ट धरला आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, म्हणजे मी ज्याला आवळणं समजत होतो त्या दिशेने फिरवला. कप सुटला. उजव्या कपाचे आटे उलटे असतात. पायडल मारताना छर्रे एक्सलसोबत घरंगळतात आणि कपाला एक्सलच्या उलट दिशेने ढकलत राहतात. आटे सरळ असते तर कप चालता चालता सैल झाला असता. हे समजावून झाल्यावर काका म्हणाले, "आता नवं बसवाच्या आधी त्या पोराले खरं सांगून ये."

मी गेलो आणि सांगितलं. माझ्या आयुष्यात त्या दिवसाइतकं शिकवणारा दिवस दुसरा नाही.

तिसरं पाकीट एका हँगरचं. मागचा गिअर ज्या छोट्या अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो तो हँगर. पडझडीत फ्रेम वाचावी म्हणून तोच आधी मोडतो. त्याचे आकार शेकडो. योग्य आकाराचा मिळाला नाही तर चांगली सायकल अडगळीत जाते. शाळेत जाणाऱ्या एका मुलीची सायकल अशीच पडून होती. या वेळी मी तुटका तुकडा कागदावर ठेवून त्याची कड आखली, भोकांमधलं अंतर व्हर्नियरने मोजलं आणि मागवण्याआधी कागद काकांना दाखवला. हँगर पहिल्या फटक्यात बसला. ती मुलगी सायकलवर बसून गेली तेव्हा काकांनी माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली.

आणखी एक कबुली द्यायची आहे. काही विक्रेते पाकिटावर 'भेटवस्तू' लिहायचे, म्हणजे सीमाशुल्क लागत नसे. मला ते माहीत होतं आणि मी गप्प राहायचो. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने राख्या आणि जीवरक्षक औषधं वगळता ती सवलत बंद केली, तेव्हा मला राग आला. खरं तर मला लाज वाटायला हवी होती. त्या मुलाला खरं सांगून आलेला मी आणि हा मी एकच होतो. पुढे २४ नोव्हेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ४३ अॅपवर बंदी घातली, त्यात अलीएक्सप्रेसही होतं.

बाजार बंद झाला, पण काम थांबलं नाही. आता माप घेता येत होतं, त्यामुळे तेच सामान लुधियाना, दिल्ली, मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे नेमकं मागता येऊ लागलं. त्या परक्या पाकिटांनी माझे पैसे वाचवले असं मी पूर्वी म्हणायचो. आता वाटतं, ज्या चुका केल्याशिवाय मी काकांसमोर बसलोच नसतो, त्या चुका त्या पाकिटांनी मला परवडणाऱ्या किमतीत करू दिल्या.

काकांची नजर आता अधू झाली आहे. व्हर्नियर ते माझ्या हातात देतात आणि विचारतात, "किती?" मी आकडा सांगतो. पण तरी ते बोटाने एकदा चाचपून पाहतातच.

माझी ती पहिली कॅसेट त्यांच्या दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. एखादा पोरगा मोबाइलवर सामानाचं चित्र घेऊन आला की काका ती काढून त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, "आधी माप." ती कोणाची, हे त्यांनी इतक्या वर्षांत एकालाही सांगितलेलं नाही.

म्हणून मी सांगतो. ती माझी आहे.