अफरवटच्या उतारावरून परत फिरताना

चिपळूणहून निघताना आपाने भाच्याचा हात आमच्या हातात दिला आणि एवढेच म्हणाली, "भाई, माझी अमानत आहे. जशी नेता तशी आणा." भाचा एकवीस वर्षांचा, आमच्यापेक्षा वीतभर उंच. दोन हिवाळे गुलमर्गला राहून स्कीइंग शिकलेला. त्याचे एकच स्वप्न होते, अफरवटच्या अंगावर जिथे कुणाची रेघ उमटलेली नाही अशा कोऱ्या बर्फातून उतरायचे. आम्ही नवरा-बायको दोघेही मास्तर. बर्फ पाहिला तो फ्रीजमधला. तरी रजा टाकून त्याच्याबरोबर गेलो.

जानेवारीचा शेवट होता. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलान म्हणतात, थंडीचे सर्वांत कडक दिवस. तंगमर्गपासून वळणावळणाचा रस्ता चढत आम्ही गुलमर्गला, सुमारे २,६५० मीटर उंचीवर पोहोचलो. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू असलेला आरिफ खान याच तंगमर्ग भागातला. त्याचे नाव घेताना भाच्याचे डोळे चमकत.

गुलमर्गचा गोंडोला दोन टप्प्यांत जातो. दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्याही वर नेतो. त्या दिवशी वाऱ्यामुळे तो बंद होता. मग आमचे वाटाडे, साठीकडे झुकलेले एक चाचा, म्हणाले, "पायी चढू. मेहनतीचा बर्फ जास्त गोड लागतो."

स्की पायात घालून चढ चढता येतो हे आम्हाला तिथे कळले. स्कीच्या तळाला केसाळ कापडाची लांब पट्टी चिकटवतात. तिचे केस एकाच दिशेला झुकलेले असतात, म्हणून पाय पुढे सरकतो पण मागे घसरत नाही. टाच मोकळी राहते. पूर्वी ही पट्टी सीलच्या कातड्याची असे. भाचा आणि चाचा असे चढले. आम्ही दोघे रुंद जाळीचे बूट घालून त्यांच्या मागे फरच्या झाडांतून फतक फतक चालत राहिलो. दहा पावले टाकली की धाप लागे. चौघांच्याही छातीवर बीकन नावाचे छोटे यंत्र बांधलेले होते. बर्फाखाली कुणी गाडला गेला तर दुसऱ्याच्या यंत्रावर त्याचा ठाव लागतो. चाचा म्हणाले, "पंधरा मिनिटांत काढला तर उमेद. त्यानंतर ती झपाट्याने कमी होते. बाहेरून मदत येईपर्यंत वेळ नसतो, जे बरोबर आहेत त्यांनीच काढायचे." हे ऐकून आमच्या घरच्यांनी पिशवीतले फावडे पुन्हा एकदा चाचपून पाहिले.

दोन तासांनी झाडे संपली. समोर मोकळा उतार, धुतलेल्या चादरीसारखा. एकही रेघ नाही. भाचा हसला आणि पट्ट्या काढायला वाकला. तेवढ्यात चाचांच्या पायाखाली बर्फाने पोटातून 'हुप्' असा दबका आवाज केला. चाचा जागीच थांबले.

त्यांनी आम्हा सर्वांना झाडांपर्यंत मागे घेतले आणि तिथेच कमरेइतका खड्डा खणला. भिंत सपाट करून आम्हाला दाखवली. वर दोन दिवसांपूर्वी पडलेला घट्ट थर. खाली जुना बर्फ, साखरेसारखा सुटा, मुठीत धरला तर गळून जाणारा. बर्फ थोडा असताना कोरडी थंडी लांबली की खालचा थर असा भुसभुशीत होतो आणि वरचा त्याला धरत नाही. चाचांनी बर्फाचा एक खांब मोकळा केला, त्यावर फावडे ठेवले आणि हाताने थोपटले. चौथ्या थापेला वरचा भाग पाटासारखा सरकून पुढे आला.

आम्ही कोकणातले. डोंगर पाणी पिऊन सुटतो तेव्हा काय होते ते आम्हाला माहीत आहे. २०२१ च्या जुलैत महाडजवळच्या तळीयेवर दरड आली, तेव्हा आमच्या गावात पुराचे पाणी होते. आम्ही म्हणालो, "ही तर बर्फाची दरड."

भाचा मात्र ऐकेना. "मामू, एवढं चढून आलो. एकच उतरण! लोक रोज उतरतात." चाचा चिडले नाहीत. त्यांनी फावडे पुसले आणि म्हणाले, "बेटा, पहाड कुठे जात नाही. आज त्याने नाही म्हटलं, उद्या हो म्हणेल. तुला उद्या यायला हवं ना?" भाचा आमच्याकडे पाहत राहिला. आम्ही मान हलवली, नाही म्हणून. वर्गात शंभर वेळा नाही म्हणतो, पण हे नाही म्हणणे जड गेले.

जोहरची वेळ झाली होती. चाचांनी झाडाखाली बर्फ दाबून ताडपत्री पसरली. चौघांनी नमाज पढली. उठताना भाच्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसला.

परत उतरताना चाचांनी त्याला दाट झाडांतल्या सौम्य उतारावरून नेले. तिथेही बर्फ कोराच होता, गुडघ्याएवढा. भाचा वळणे घेत निघाला आणि त्याच्या मागे पांढरी धूळ उडत राहिली. खालून त्याची आरोळी ऐकू आली. ती रागाची नव्हती.

संध्याकाळी कांगडी मध्ये ठेवून आम्ही नून चहा घेतला. चाचांनी ठरलेल्या पैशांतले काही परत करू पाहिले, "शिखर तर दाखवलं नाही." आम्ही घेतले नाहीत. शिखर दाखवणारे पुष्कळ भेटतात. परत फिरवणारा क्वचित भेटतो, आणि त्याची मजुरी जास्तच असायला हवी.

चिपळूणला स्टेशनवर आपा उभी होती. तिने भाच्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिले आणि विचारले, "वर जाऊन आलास?" तो म्हणाला, "नाही अम्मी. पुढच्या वर्षी."