शिरपूरची पेटी

आषाढाच्या तोंडावर एका रविवारी सकाळी आम्ही चौघे धुळ्याच्या बसस्थानकावर शिरपूरच्या एस.टी.त चढलो. आमच्याजवळच्या कापडी पिशवीत आठ हजार चारशे रुपये होते. पैसे आमचे नव्हते, वस्तीतल्या एक्केचाळीस घरांचे होते. कुणी हमाली करतो, कुणी धुणीभांडी करते, कुणी वीटभट्टीवर जाते. वर्गणी मोजायला बसलो तेव्हा दहा-वीसच्या नोटांचाच ढीग मोठा होता. अशा पैशाने वस्तू घ्यायची म्हणजे छातीत धडधड असतेच. त्यातून घ्यायची होती जुनी वस्तू, वापरलेली हार्मोनियम.

आधी नव्या पेटीचे काय झाले ते सांगितले पाहिजे. तीन वर्षांपूर्वी आमच्या गायन मंडळाने एका दुकानातून नवी कोरी पेटी आणली होती. पॉलिश असे की तोंड दिसावे. ती आणल्यावर आम्ही काय केले? विहारातल्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावले. १४ एप्रिलला काढायची, बुद्धपौर्णिमेला काढायची, पुन्हा कुलूप. यंदा काढली तर भात्याचा कोपरा उंदरांनी कुरतडलेला, सहा पट्ट्या मुक्या आणि एक पट्टी हात न लावताच ओरडत होती. माल हलका होता हे खरे, पण निम्मी चूक आमची होती. ती कबूल केल्याशिवाय दुसरी पेटी घेण्यात अर्थ नव्हता.

३१ जुलै तोंडावर आली होती. १९३७ साली याच तारखेला बाबासाहेब एका दाव्याच्या कामासाठी धुळ्याला आले होते. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर त्या आठवणीने दरवर्षी माणसे जमतात. तिथे पेटीवाचून कसे जायचे? तेवढ्यात शिरपूरला एक म्हातारे गायक आपली पेटी काढणार असल्याचे कळले.

आमच्या चौघांत मंडळाचे पेटीवादक काका होते. लाकूड ओळखणारे सुतारमामा होते. बारावीत शिकणारी आमच्या गल्लीतली एक मुलगी होती. तिने काकांकडून पेटीचे धडे घ्यायला नुकतीच सुरुवात केली होती. चौथे आम्ही, हिशेबाची वही सांभाळणारे.

धुळे ते शिरपूर वाट पन्नास-पंचावन्न किलोमीटरची, सगळी आग्रा रोडने. पुढे-मागे मध्य प्रदेशचे ट्रक. वाटेत सोनगीर लागते, तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले. काका खिडकीतून बोट दाखवून मुलीला म्हणाले, "पेटीचा आवाजही पितळेचाच. भांडे वाजवून घेतात ना, तशीच पेटी वाजवून घ्यायची." पुढे नरडाणा गेले आणि सावळद्याच्या पुलावर तापी आली. पाणी गढूळ, वर ढग. पलीकडे शिरपूर तालुक्याची काळी जमीन आणि कपाशीच्या नुकत्या उगवलेल्या ओळी. गावाजवळ अरुणावती नदी भेटते. पावसाची भुरभूर सुरू झाली तेव्हा आम्ही पत्ता विचारत त्या घरी पोचलो.

"जय भीम. या, बठा." बाबांनी खाटेवरची गोधडी सरकवली. वय पंचाहत्तरीच्या पुढचे. उजव्या हाताची दोन बोटे वळत नव्हती. मुलगा सुरतेला यंत्रमागावर, त्याची खोली एवढीशी. आता बाबा तिकडेच राहायला जाणार होते.

पेटी त्यांनी स्वतः पुढे ओढली. पॉलिश उडालेले, पट्ट्यांवर बोटांनी पडलेले खळगे. आमचे तोंड बघून ते हसले. "पेटी म्हातारी शे, पन मुकी नही."

सुतारमामांनी आधी पेटी उलटी केली. वरचे लाकूड सगळेच बघतात, तळ कुणी बघत नाही. सागवान होते, जड होते, सांध्यात प्लायवूड नव्हते. भुंगा लागला असता तर पिठासारखा भुसा पडला असता. तोही नव्हता.

मग भाता. बाहेरचा भाता हवा आत ढकलतो आणि पोटातला भाता ती साठवतो. काकांनी समोरचे सगळे स्टॉपर आत ढकलून बंद केले, हवा भरली आणि हात थांबवला. भाता पटकन खाली बसला तर कुठेतरी गळती आहे असे समजावे. भाता थांबून राहिला. मग स्टॉपर उघडून, पट्टीला हात न लावता हवा भरली. एकही सूर आपोआप वाजला नाही, फुसफुसही नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात. म्हणून जुनी पेटी पावसाळ्यात पाहिलेली बरी. तेव्हा ती आपले दोष लपवू शकत नाही.

पट्ट्यांची पाळी मुलीची होती. काकांनी तिला सांगितले की गाणे वाजवू नकोस, गाण्यात खोट झाकली जाते. एकेक पट्टी दाब, आधी हळू, मग जोरात. पांढऱ्या झाल्या, काळ्या झाल्या. मधल्या सप्तकात पांढरी सहाशी ती थांबली. पुन्हा दाबली. "काका, हा सूर थरथरतोय."

ही पेटी डबल सुरांची. एक पट्टी दाबली की खालच्या सप्तकातला आणि मधल्या सप्तकातला असे दोन सूर एकत्र बोलतात. दोन्ही नीट जुळलेले नसले तर आवाज लाटेसारखा हलतो. आम्ही बाबांकडे पाहिले. ते शांतपणे म्हणाले, "बरोबर. त्यातला एक सूर मी बदललाय. जुना तुटला होता. पोरीला कान आहे."

त्यांनी वरची फळी काढून आतले दाखवले. पितळेच्या पट्टीवर पितळेचीच पातळ जीभ असते, हवेने ती थरथरते आणि सूर निघतो. जिभेचे टोक घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. पण प्रत्येक घासणीने जीभ झिजते आणि कधीतरी तुटते. म्हणून ज्या पेटीतल्या जिभांवर कानशीचे ओरखडेच ओरखडे आहेत ती घेऊ नये. या पेटीतले सूर गुजरातेतल्या पालिताण्याचे होते आणि ओरखडे मोजके होते.

चहा झाला. बाबांना पेटीचा सगळा इतिहास पाठ. पॅरिसच्या दबँ नावाच्या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती पायाने भाता मारायची, खुर्चीवर बसून वाजवायची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताच्या भात्याची पेटी काढली आणि ती आपल्या सतरंजीवर आली. पुढे १९४० साली आकाशवाणीने पेटीला बंदी केली. मोठमोठ्यांचे म्हणणे असे की तिच्यात मींड निघत नाही, तिचे सूर आपल्या रागांचे नाहीत. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. बाबा म्हणाले, "रेडिओच्या दाराबाहेर तीस वर्षं बसवली होती हिला. पण आपल्या वस्तीत हिला कुणी अडवलं नाही. हिनं आपली गाणी गावोगाव नेली."

भावाला सुरुवात झाली. बाबांनी साडेआठ हजार सांगितले. आम्ही सहा म्हणालो. सूर जुळवून घेण्याचा खर्च आहे, जायचे भाडे आहे, आणि वहीत एकेका रुपयाचा जाब द्यायचा आहे, हे मोकळेपणाने सांगितले. सात हजारांवर जमले. वर त्यांनी पेटीचे लाकडी खोके दिले आणि तंबाखूची एक डबी दिली. डबीत जुन्या पेट्यांतून काढलेले सुटे सूर होते, प्रत्येक कागदात गुंडाळून वर पट्टीचा आकडा लिहिलेला.

पैसे मोजून झाल्यावर त्यांनी विचारले, "वाजवणार कोण?" काकांनी मुलीकडे बोट केले. बाबा म्हणाले, "मग एक ऐका. हिला कुलपात ठेवू नका. मी हिला रोज तासभर वाजवत होतो, म्हणून ही जिवंत आहे. न वाजवलेली पेटी आजारी पडते."

आम्ही मान खाली घातली. आमच्या कपाटाची गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती.

परतीच्या गाडीत पेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दोघांच्या मांडीवर होती. तापीच्या पुलावर पाऊस जोरात आला. मुलीने खोक्यावर आपली ओढणी टाकली.

पुढच्या रविवारी विहारात हिशेब वाचला. पेटी सात हजार, जाणे-येणे व चहा सहाशे चाळीस, सूर जुळवणी चारशे, शिल्लक तीनशे साठ. यावर कुणी काही बोलले नाही. वाद झाला तो पेटी कुठे राहणार यावरून. दोघे-तिघे म्हणाले, "सगळ्यांच्या पैशाची वस्तू एका पोरीच्या घरी कशी?" काका उठले. जुनी पेटी त्यांनी सगळ्यांपुढे ठेवली, कुरतडलेला भाता उघडून दाखवला आणि एवढेच म्हणाले, "ही सगळ्यांची होती. म्हणून कुणीच वाजवली नाही."

ठराव झाला. पेटी मुलीच्या घरी राहील, रोज वाजेल, आणि ज्या मुलामुलीला शिकायचे असेल त्याने संध्याकाळी तिथे यावे. पहिल्या आठवड्यात पाच मुले आली. सहावी तिची आई. दिवसभर अंगणवाडीत स्वयंपाक करून आल्यावर ती कडेला बसते आणि मुलगी थकली की भाता मारते.

वाचकहो, तुमच्याही विहारात एखादे कपाट असेल. एकदा त्याचे कुलूप काढून पाहा.