बिन्नागुरीचा सायकल-स्टँड

बिन्नागुरी म्हटलं की फौजेतल्या माणसाला दोन गोष्टी आठवतात, पाऊस आणि हत्ती. उत्तर बंगालच्या डुआर्समध्ये, चहाच्या मळ्यांच्या मधोमध ही छावणी आहे. संध्याकाळी गेटवरचा जवान "साहब, आगे हाथी है" असं इतक्या शांतपणे सांगतो, की वाटावं पुढे स्पीडब्रेकर असेल. मला मात्र बिन्नागुरी म्हटलं की एक सायकलवाला आठवतो. आणि त्याच्यासाठी मी भंगारातून बनवलेला, पहिल्याच दिवशी साफ फसलेला एक स्टँड.

त्याआधी थोडं मागे जावं लागेल.

माझ्या वडिलांचं कराडला सायकलचं दुकान होतं. पत्र्याची शेड, दारात हवा भरायचा पंप, आणि वर पाटी: 'सायकली भाड्याने मिळतील. ओव्हरऑयलिंग करून मिळेल.' ओव्हरहॉलिंगचं हे बारसं कोणी केलं देव जाणे, पण कामाला तेच नाव जास्त शोभतं. शाळा सुटली की मी थेट दुकानात. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधायचे, छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, चेनला तेल द्यायचं. अण्णा, म्हणजे वडील, दिवसभर उकिडवे. सायकल समोर उलटी करून ठेवलेली आणि अण्णा तिच्यापुढे बसलेले, हेच माझ्या लहानपणाचं चित्र. रात्री उठताना ते दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून तीन टप्प्यांत उठायचे. मला वाटायचं, मोठी माणसं अशीच उठतात.

1998 च्या पावसाळ्यात मी खडकवासल्याला एनडीएत दाखल झालो. तिथे कॅडेटचा सगळा दिवस सायकलवर जातो. पीटी, ड्रिल, क्लास, सगळीकडे सायकलनेच जायचं, तेही रांगेत. सायकल पंक्चर झाली तर ती खांद्यावर घ्यायची आणि पळायचं, कारण पंक्चर ही सबब तिथे कोणी ऐकत नाही. माझी सायकल दुरुस्तीअभावी कधी खांद्यावर आली नाही. (शिक्षा म्हणून आली, तो विषय वेगळा.) माझ्या कोर्समेट्सच्या सायकलीही मीच रात्री गुपचूप ठीक करायचो. एकदा एका सीनिअरने पकडलं. "कहाँ से सीखा? पिताजी क्या करते हैं?"

"बिझनेस, सर."

खोटं नव्हतं. पण ज्या घाईने मी ते बोललो, ती घाई मला आजही आठवते. पुढची तीन वर्षं अण्णांचं दुकान 'बिझनेस'च राहिलं. 2001 च्या उन्हाळ्यात पासिंग आउट परेडला अण्णा आले, नवा पांढरा शर्ट घालून. मी त्यांना मित्रांमध्ये फार वेळ उभं राहू दिलं नाही.

आता बिन्नागुरी. मी तेव्हा लेफ्टनंट कर्नल होतो. एका रविवारी माझ्या सायकलचा मागचा टायर बसला म्हणून गेटबाहेर थोडं चालत गेलो, तर शिरीषाच्या झाडाखाली एक म्हातारे मेकॅनिक बसलेले. आजूबाजूला शाळकरी मुलांची गर्दी. पश्चिम बंगालात 2015 पासून 'सबुज साथी' योजनेत नववी ते बारावीच्या मुलामुलींना सरकार सायकली देतं. मळ्यातल्या लाइनींमधून शाळा लांब, त्यामुळे त्या सायकली खरोखर वापरल्या जातात, आणि वापरल्या की मोडतातही. मुलं त्या गृहस्थांना 'काकू' म्हणून हाका मारत होती. बंगालीत काकू म्हणजे काका. आपल्या मराठी कानाला पहिल्यांदा दचकायला होतं.

काकूंनी माझं पंक्चर काढलं आणि पैसे घ्यायला उठले. दोन्ही हात गुडघ्यांवर, तीन टप्प्यांत.

त्या रात्री मी कागदावर एक स्टँड काढला. परदेशी सायकलवाल्यांकडे असतो तसा, सायकल अधांतरी धरणारा, म्हणजे माणूस उभ्याने काम करू शकेल.

सामान भंगारातलं, पण सरकारी भंगारातलं नाही. फौजेत कंडेम झालेल्या नटालाही बोर्ड, सही आणि लिलाव असतो, हे वाचणाऱ्या माजी सैनिकांना सांगायला नको. बीरपाड्याच्या एका भंगारवाल्याकडून किलोवर माल उचलला: जुन्या मोटारीच्या चाकाचं लोखंडी रिम, कमरेपेक्षा थोडा उंच दीड इंची पाण्याचा पाईप, एक मोडकी सायकलची फ्रेम, तिचा चिमटा आणि हँडल. वेल्डिंग गावातल्या खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्याकडे, माझ्या खिशातून.

रिम जमिनीवर आडवं ठेवून त्यात काँक्रीट भरलं आणि मधोमध पाईप उभा केला. बूड जड हवंच, कारण आपली साधी काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरते आणि पान्ह्यावर जोर लावला की हलका स्टँड सायकलसकट अंगावर येतो. मोडक्या फ्रेममधली सीटखालची नळी कापून पाईपच्या डोक्यावर जोडली. त्या नळीला सीट आवळायचा बोल्ट आधीच असतो. आत दुसरी नळी सरकवली की उंची कमी-जास्त करायची सोय फुकटात झाली. सगळ्यात वर पकड: तुटक्या खाटेच्या पायाचे दोन तुकडे, आतून गोल कोरलेले, जुन्या ट्यूबचं रबर चिकटवलेले, बोल्टने आवळायचे. पकड बसवायची ती सीटच्या दांड्यावर. फ्रेमच्या नळीवर आवळली तर पातळ नळी चेपते.

तीन रविवार लागले. चौथ्या रविवारी गाडीत घालून काकूंकडे नेला. सायकल टांगली, पॅडल फिरवलं, मागचं चाक झुळझुळ फिरलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी भोवती एक चक्कर मारली, हात वर करून चेनपर्यंत पोहोचायचा प्रयत्न केला आणि नम्रपणे म्हणाले, "बहुत अच्छा है शाब. लेकिन ये तो आपके नाप का है."

मी पाच फूट अकरा इंच. काकू जेमतेम सव्वापाच फूट. मुख्य नळी मी माझ्या उंचीने कापली होती, आणि खाली सरकवायला जागाच ठेवली नव्हती.

पुढच्या रविवारी गेलो तर स्टँडला काकूंचा डबा आणि छत्री टांगलेली. काकू खाली, उकिडवे. मला राग आला, मग लाज वाटली, आणि मग मी गप्प एका विटेवर बसून पाहायला लागलो. लहानपणी दुकानात बसायचो तसा.

काकू एका चाकाचा आउट काढत होते. चाक दोन पायांच्या मध्ये उभं. डाव्या पायाच्या अंगठ्याने रिम धरलेली, उजव्या गुडघ्याचा टेकू, एक हात चाक फिरवतोय, दुसऱ्या हातात आरे आवळायची चावी. रिम कुठे घासते ते अंगठ्यालाच कळत होतं. माझ्या स्टँडने त्यांना उभं केलं असतं, पण त्यांचे दोन पाय कामावरून काढून टाकले असते. उकिडवा बसलेला कारागीर चार हातांनी काम करतो. सायकल उंच धरणारं काहीही मिळेल. स्टँडला खरं तर त्या दोन पायांची जागा भरून काढायची असते.

रात्री कराडला फोन लावला.

"अण्णा, आउट काढताना तुम्ही चाक कशानं धरायचा?"

"पायानं. का रं? रात्रीचं साडेनऊ वाजलं."

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "चिमटा हाय न्हवं शिल्लक? तो उलटा लाव, तोंड वर करून. त्यात चाक बशीव. एका बाजूला बोल्ट टाक रिमपतूर, घासलं की कळंल. आणि कॉटर पिन वर टांगून ठोकू नगंस. क्रँकखाली पाईप देऊन जमिनीवरच ठोकायची, न्हायतर मार बेअरिंगवर बसतो."

एवढं सरळ उत्तर आल्यावर मला राहवलं नाही. म्हणालो, "अण्णा, एनडीएत मी तुमचा बिझनेस आहे म्हणून सांगायचो. दुकानाचं कधी बोललो नाही."

"ठावं हाय," अण्णा म्हणाले. "परेडला तुझ्या एका दोस्तानं इचारलं, अंकल, आपका कौनसा बिझनेस है."

माझा घसा कोरडा पडला. "मग?"

"मग काय? म्हनलं, चाकांचा."

वीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी ते स्वतःजवळ ठेवलं होतं. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या दुकानाचं नाव घेतलं नाही, आणि पुन्हा कधी मला विचारलंही नाही.

दुसऱ्यांदा स्टँड बनवताना काकू माझ्याबरोबर वेल्डरकडे आले. आधी त्यांना सरळ उभं केलं, हात कोपरात वाकवायला सांगितला आणि कोपराची उंची भिंतीवर खडूने मारली. पॅडलचा भाग त्या खुणेच्या जरा खाली येईल असा पाईप कापला. चिमटा अण्णांनी सांगितला तसा, तोंड वर करून, त्याच पाईपला जोडला. टांगल्यावर पुढचं चाक मान मोडल्यासारखं फिरायचं, त्यावर काकूंचाच तोडगा: जुन्या ट्यूबची पट्टी, हँडलपासून फ्रेमपर्यंत बांधायची. भंगारातलं हँडल खाली आडवं जोडलं, पान्हे आणि चिंध्या अडकवायला. डबा आणि छत्रीही तिथेच गेली.

काकूंनी सगळं काम उभ्याने केलं असं मात्र नाही. पंक्चर ते शेवटपर्यंत बसूनच काढायचे. घमेलं जमिनीवर असतं, त्याला इलाज नाही. पण चेन, ब्रेक, आउट ही लांबणारी कामं उभ्याने होऊ लागली. माझी बदली झाली त्या आठवड्यात निरोप घ्यायला गेलो तेव्हा ते एका मुलीच्या सायकलचं मागचं चाक चिमट्यात घालून फिरवत होते. हातातलं काम संपवूनच वळले.

त्या सुट्टीत कराडला असाच एक स्टँड केला. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण गल्लीतली पोरं अजून अण्णांकडे सायकली आणतात. यावेळी आधी अण्णांचं कोपर मोजलं. ते हसून म्हणाले, "आता मोजतोस व्हय?"

कोणाला घरी स्टँड बनवायचा असेल तर वर दिलेलं माप धरू नका. पाईप कापण्याआधी जो काम करणार आहे त्याला उभं करा, कोपर मोजा, आणि त्याआधी एक दिवस तो बसून कसं काम करतो ते बघा.